बरणीतले डास

विज्ञानापुढे सगळे समान असतात.

हे वाक्य आमच्या जिल्हा हिवताप कार्यालयाच्या व्हरांड्यात निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पाटी भिंतीपासून दोन बोटं सुटलेली होती आणि त्या फटीत दिवसभर डास बसत. हिवतापाचे नव्हेत, साधे, गटारातले. त्या पाटीखाली उभं राहूनच डॉक्टर उमाळे साहेबांनी मला विचारलं, "वाकुडकर, किती मेले?"

"एक्केचाळीस, साहेब."

"शंभरातले?"

"हो."

"आणि बाकीचे?"

"बसलेत."

"बसलेत म्हणजे?"

"नळीत बसलेत. काही साखरपाणी पितायत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जणू काचा स्वच्छ झाल्या की आणखी एकोणसाठ मेलेले दिसतील.

"तुम्ही त्यांना वेळ दिला का?"

"नियमाप्रमाणे चोवीस तास."

"अजून द्या. आठवडाभर ठेवा."

"आठवड्यात ते तसेही मरतील साहेब. म्हातारे होऊन."

"मग मरू द्या की! आपल्याला मेल्याशी मतलब."

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याचं नाव सांगत नाही; निम्मा जंगल आहे आणि उरलेला निम्मा जंगलाच्या वाटेवर आहे एवढं पुरे. मी तिथे कीटक समाहारक होतो. हा हुद्दा खरोखर असतो. बी.एस्सी. प्राणिशास्त्र, प्रथम वर्ग, आणि काम काय, तर उजाडताना लोकांच्या गोठ्यात शिरायचं, काचेची नळी तोंडात धरायची आणि भिंतीवर बसलेले डास श्वासाने अलगद आत ओढायचे. नळीत मध्ये बारीक जाळी असते, त्यामुळे डास पोटात जात नाही. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. मुलगी पाहायला गेलो की ती "हा आरोग्य खात्यात आहे" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

पकडलेले डास, आम्ही घरांच्या भिंतींवर फवारायचो ती कीटकनाशक पावडर लावलेल्या कागदाच्या नळीत तासभर ठेवायचे, मग साध्या नळीत चोवीस तास, आणि मेलेले मोजायचे. जवळजवळ सगळे मेले तर पावडर चांगली. निम्मे उठून बसले तर पावडर बदला, असं वर कळवायचं. परीक्षा डासांची नसते, पावडरीची असते. पण आमच्या कार्यालयात नापास झाल्याचा राग डासांवर निघत असे.

मी पुन्हा चाचणी केली. अडतीस मेले. तिसऱ्यांदा केली. चाळीस.

"साहेब," मी म्हटलं, "बारा वर्षं आपण तीच पावडर मारतोय. ज्यांना ती सोसत नव्हती ते मेले. ज्यांना सोसत होती ते उरले, त्यांनी अंडी घातली. आता जे आहेत ते सगळे त्यांचेच वंशज. अजून चार वर्षं मारली तर एकही मरणार नाही."

"म्हणजे तुमचं म्हणणं, आपण डासांची जात सुधारली?"

"तसंच काहीसं."

"हे बाहेर कुठे बोलू नका."

साहेब वाईट माणूस नव्हते, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. गोदामात वर्षभराची पावडर छताला टेकेपर्यंत रचलेली होती आणि ती मागवणारं पत्र त्यांनीच जानेवारीत लिहिलं होतं. आता मेमध्ये तीच निकामी असल्याचं कळवायचं म्हणजे वरून विचारणा येणार. त्यांना विचारणेची भीती वाटायची. डासाची वाटायची नाही. स्वतःच्या बंगल्यात त्यांनी ती पावडर कधी मारून घेतली नाही. म्हणाले, भिंती खराब होतात.

माझ्या आधी त्या टेबलावर गेडाम नावाचे एक जण होते. त्यांची नोंदवही मला कपाटाच्या तळाशी सापडली. दरवर्षीची चाचणी: शहाण्णव मेले, मग अठ्ठ्याऐंशी, मग एकाहत्तर, मग बावन्न. बावन्नानंतर शाई बदलली होती, अक्षर बदललं होतं, आणि पुढच्या ओळीत शंभर लिहिलं होतं. मी शिपायाला विचारलं, गेडाम कुठे आहेत? तो म्हणाला, "ते का? ते बावन्नच्या साली गेले." बावन्न साली नव्हे, बावन्न टक्क्यांच्या साली. आमच्या कार्यालयात वर्षं अशी मोजली जायची. गेडामांची बदली तीन नद्यांपलीकडच्या उपकेंद्रात झाली होती आणि पावसाळ्यात त्या तिन्हींवर पूल नसत.

माझी नेमणूक अकरा महिन्यांची होती. कायम करण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर, डाव्या हाताला, पेपरवेटखाली होती. मी रोज ती पाहायचो. पेपरवेटच्या काचेत एक फुलपाखरू होतं.

*

डास पकडायला मी पुसेरटोल्याला जायचो. तीस घरं, मातीच्या भिंती, गावाला वळसा घालणारा ओढा. तिथला दसरू हिचामी फवारणीच्या टोळीचा मुकादम होता. पाठीवर पंप घेऊन सहा माणसांना गावोगाव नेणारा, पन्नाशीचा, काटक. मला तो मच्छरबाबू म्हणायचा. त्यात टिंगल नव्हती. फॉरेस्टबाबू, पटवारीबाबू, तसाच मच्छरबाबू.

त्या मेमध्ये त्याची मुलगी जैनी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. हिवतापाने. सासरचं गाव खोल जंगलात, तिथे फवारणी पोचायची नाही. म्हणून दसरूने या वेळी तिला तिसऱ्या महिन्यातच आणलं.

"इथं पावडर मारतो ना आपण," तो म्हणाला. "माह्याच हातानं मारतो. इथं तिले काई नाई होनार."

मी गोठ्याच्या भिंतीशी उभा होतो, नळी तोंडात. बोलता येत नव्हतं, त्याचा त्या क्षणी मला फायदा झाला. पण डास ओढून झाल्यावर नळी काढावीच लागली. मग मी त्याला सांगितलं. का सांगितलं, तर मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला प्रथम वर्ग मिळाला होता.

दसरूने सगळं ऐकून घेतलं. मग गोठ्याच्या आढ्याला टांगलेली धानाच्या लोंब्यांची जुडी दाखवली.

"आमी बी असंच करतो बाबू. पाण्यात जे धान तगलं, कीड लागूनबी उभं राह्यलं, त्याच्याच लोंब्या बियाण्याले राखतो. दरसाल. माह्या आज्यापासून." त्याने जुडीवरून हात फिरवला. "मंग सरकार मच्छराचं बियाणं राखते का?"

अभ्यासक्रमातली चाळीस पानं त्याने एका वाक्यात संपवली होती.

"मी वर लिहिणार आहे," मी म्हटलं. "पावडर बदलून घेऊ. पावसाच्या आधी."

"लिवा जी. तुमी लिवलं तं होते."

*

मी लिहिलं. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि पेपरवेटखाली, माझ्या फाईलच्या वर ठेवलं. मग म्हणाले, "तुमच्या नमुन्यातच दोष आहे. हे गोठ्यातले डास, काय खातात, कुठे बसतात, काही भरवसा नाही. आपण शास्त्रीय डास मागवू."

मला वाटलं ते विनोद करतायत. त्यांना विनोद करताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखता आलं नाही.

आठ दिवसांनी शहरातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून पार्सल आलं. काचेची मोठी बरणी, तोंडाला मलमलचं फडकं, आत दीडशे डास. सोबत कागद: पिंजऱ्यात वाढवलेली वसाहत, नव्वदावी पिढी, कोणत्याही कीटकनाशकाशी संपर्क नाही. नव्वद पिढ्या त्यांनी साखरपाणी पिऊन काढल्या होत्या. गुबगुबीत, निवांत. बरणीवर टिचकी मारली तरी उडायचा कंटाळा करत.

मी त्यातले शंभर नळ्यांमध्ये घातले. विसाव्या मिनिटाला शेवटचा पडला.

"पाहिलंत?" साहेब खरंच आनंदले होते. "दोष पावडरीत नव्हता."

"साहेब, हे डास आपल्या जिल्ह्यातले नाहीत."

"चाचणी कुठे झाली?"

"इथे."

"मग जिल्ह्यातच झाली. लिहा."

पेपरवेट त्यांनी उचलून हातात घेतला होता. फाईल मोकळी होती. त्यांनी मला धमकी दिली, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय. त्यांनी काहीच म्हटलं नाही. फक्त काचेतलं फुलपाखरू उजेडाकडे धरून पाहत राहिले.

मी लिहिलं, तपासलेले डास शंभर, मृत शंभर. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुसेरटोल्यात फवारणी झाली. मी देखरेखीला होतो. भिंतींवर पांढरे पट्टे उमटत होते. पंपाचा दांडा हाणता हाणता दसरूने विचारलं, "पावडर बदलली का बाबू?"

"तीच आहे."

"मंग मच्छर मरते का?"

"अहवालात शंभर टक्के आलंय."

हे वाक्य मी अनेकदा तपासून पाहिलंय. त्यात खोटा शब्द एकही नाही.

दसरूचा चेहरा उजळला. "तपासात काई चुकलं असंन आधी," तो मलाच समजावत म्हणाला. "होते कधी कधी."

मग त्याने जे केलं त्याची कल्पना ना मला होती, ना साहेबांना. फवारणीनंतर भिंती सारवायच्या नाहीत, असं आम्ही दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी आठ दिवसांत बायका शेणमातीने सारवून मोकळ्या व्हायच्या. पांढरे पट्टे त्यांना बघवत नसत. टोल्यात भिंत तशीच सोडतात ती फक्त मरण झालेल्या घरात, दिवस पुरे होईपर्यंत. त्या साली दसरूने टोल्याची बैठक बसवली आणि सांगितलं, पावसाळा सरेपर्यंत कोणी भिंतीला हात लावायचा नाही. मच्छरबाबूने तपासलंय. शंभरातले शंभर मरतात.

त्याची बायको सोमारी माझ्यावर बरसली ती अजून कानात आहे. "घरात लेक बाळंतपनाले आली, अन् भिंत मरणाच्या घरावानी ठेवू? तुमच्या मायनं ठेवली होती का जी, तुमच्या टायमाले?"

"सोमारी, बाबू शिकलेला हाये," दसरू म्हणाला.

"शिकलेला हाये तं त्याच्या घरची भिंत दाखव मले!"

मी जीपमध्ये बसलो. तीस घरांतल्या तीस बायकांनी शेणाच्या पाट्या बाजूला ठेवल्या. आमच्या खात्याला बारा वर्षांत जे जमलं नव्हतं ते दसरूने एका दुपारी करून दाखवलं. माझ्या सहीवर.

पंधरा जुलैला मला कायम केल्याचा आदेश आला. साहेबांनी पेढा दिला.

*

ऑगस्टच्या मध्यावर पुसेरटोल्यातून तापाच्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने येऊ लागले. अकरा घरांत ताप, आणि जात वाईट, डोक्यात चढणारी. मी गोळ्या घेऊन गेलो तेव्हा ओढ्याला पाणी होतं. शेवटचे दोन कोस चालत गेलो.

जैनी घोंगड्यांखाली थरथरत होती. सहावा महिना सरत आला होता. सोमारी तिच्या उशाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दसरूने माझा दंड धरला आणि मला भिंतीजवळ नेलं.

"मोजा."

भिंतीवर पांढरे पट्टे जसेच्या तसे होते. सारवण नाही, पुसलेलं नाही, इतकी काळजीपूर्वक राखलेली फवारणी मी नोकरीत पुन्हा कधी पाहिली नाही. आणि त्या पांढऱ्या पावडरीवर, शेपूट वर करून, डास बसले होते. पोटं लाल.

"मोजा ना जी. मोजणं तुमचं काम हाये."

मी मोजले. एका भिंतीवर चौदा.

"शंभरातले शंभर मरतात म्हनलं तुमी."

"अहवालात..."

"कोणते शंभर?"

पाऊस कौलांवर वाजत होता.

"बाबू, मी इचारून राह्यलो. कोणते शंभर मेले?"

"बाहेरून मागवले होते," मी म्हटलं. "बरणीतून."

त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. मला वाटतं, जगात कोणी डास विकत मागवतं हेच आधी त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग शिरलं. त्याने माझा दंड सोडला.

जैनी वाचली. गोळ्यांनी ताप उतरला. मूल तिसऱ्या दिवशी मेलेलं जन्मलं. मुलगा होता. मी तेव्हा तिथेच होतो. ओढा उतरला नव्हता. सोमारीने पदर खोचला, शेणाची पाटी घेतली आणि भिंत सारवायला सुरुवात केली. सुतकाच्या घरात, रिवाज मोडून, ओंजळी भरभरून, पांढऱ्या पट्ट्यांवर. भिंतीवरचे डास उठायचे आणि तिच्या हातामागे पुन्हा बसायचे. कोणी तिला अडवलं नाही.

*

सप्टेंबरात दसरू कार्यालयात आला. एका हातात फवारणीचा पंप, दुसऱ्या हातात तेलाची बाटली, तिच्या तोंडाला लुगड्याची चिंधी बांधलेली. आत डास.

"माह्या भिंतीवरचे हाये," तो म्हणाला. "पंचवीस. माह्यासमोर तपासा."

मी साहेबांच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. मी नळ्या काढल्या. तासभर कागदावर, मग साध्या नळीत. दसरू व्हरांड्यात, निळ्या पाटीखाली, भिंतीला टेकून बसला तो चोवीस तास तिथून हलला नाही. शिपायाने चहा दिला, तो त्याने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर मोजले. सात मेलेले. अठरा जिवंत.

"लिवा," तो म्हणाला.

मी नोंदवही काढली. तारीख घातली. गावाचं नाव घातलं. तेवढ्यात साहेबांचं दार उघडलं. ते येऊन माझ्या मागे उभे राहिले आणि खांद्यावरून वाकून वहीत पाहिलं. आवाज अगदी मऊ होता.

"वाकुडकर, किमान शंभर लागतात ना? पंचवीसवर चाचणी होते का?"

मी कायम झालेलो होतो. मला कोणी काढू शकत नव्हतं. फार तर तीन नद्यांपलीकडे पाठवलं असतं. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं, म्हणून सांगतोय.

मी लिहिलं: नमुना अपुरा. चाचणी रद्द.

"काय लिवलं?" दसरूने विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"लिहिलं," मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. गोठ्यात ती लोंब्यांची जुडी दाखवताना पाहिलं होतं तसंच, निरखून.

"गेडामबाबू होते तुमच्या आधी," तो म्हणाला. "ते गेले. तुमी राह्यले." त्याने पंप माझ्या टेबलावर ठेवला. "तुमचंबी बियाणं सरकार तसंच राखते का जी?"

साहेब म्हणाले, "काय म्हणतोय हा?"

"काही नाही साहेब," मी म्हटलं. "शेतीचं बोलतोय."

दसरू गेला. पुढच्या मोसमात मुकादम दुसरा होता. तेलाची बाटली आणि नळ्या टेबलावरच राहिल्या. संध्याकाळी शिपायाने टेबल आवरताना त्या नळ्या खिडकीत नेऊन उघडल्या. अठराही उडाले.

उमाळे साहेब पुढे उपसंचालक होऊन निवृत्त झाले. त्यांची इथली खुर्ची सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. बरणी दर मार्चमध्ये पार्सलने येते. पोच माझ्या सहीने जाते.